मोजे

सुनेने काटा आणला. काचेचा, वर चार चकचकीत पट्ट्या.
नुसतं वजन नाही सांगत बाबा, म्हणाली, चरबीपण सांगतो.
मी तो आधी उलटा करून बघितला. जुनी खोड.
एकतीस वर्षं वैधमापन खात्यात निरीक्षक होतो,
मस्जिद बंदरची मसाल्याची दुकानं, भायखळ्याचा भाजीबाजार.
वजन हातात आलं की पहिल्यांदा पालथं करायचं:
पोटात भोक, भोकात शिसं, शिशावर मोहर.
मोहर जुनी निघाली की शेटजी चहा मागवायचे.

यावर मोहर नव्हती.
घरगुती वापरासाठी, असं लिहिलं होतं,
आणि त्याखाली, आणखी बारीक:
छातीत पेसमेकर असलेल्यांनी यावर उभे राहू नये.
भिंग लावून वाचलं. भिंग पुसून ठेवलं.
ऋचाने आधीच वाचलेलं असावं.
तिने सगळ्यांची नावं त्यात भरली, माझं विचारलं नाही.

काट्याला सपाट जमीन लागते.
आमच्या कन्नमवार नगरात सपाट काय आहे?
न्हाणीघर मोरीकडे उतरतं, खोली गॅलरीकडे.
नातू आणि मी गोटी सोडत हिंडलो तासभर.
एक फरशी सापडली, फ्रिज आणि देव्हाऱ्याच्या मधली.
तेव्हापासून घरातली चरबी देवासमोर मोजली जाते.

मंदार चढतो पोट आत घेऊन,
जसा काही काटा बघतोय.
शालन पाटल्या काढते, मग चष्मा काढते,
मग आकडा दिसत नाही म्हणून मला हाक मारते.
अडतीस, म्हणतो मी.
अडतीस काय?
शेकडा.
म्हणजे शंभरातली अडतीस मी, मी नव्हेच?
यावर खात्याचं परिपत्रक नाही.

कामाला येणाऱ्या सुलभाबाई चढल्या तर काही उमटेना.
टाचांना भेगा, वीज आत शिरेना.
ऋचाने ओल्या फडक्याने तळवे पुसायला सांगितले.
एकोणीस.
हे चांगलं का वाईट? त्यांनी विचारलं.
कुणी पटकन बोललं नाही.
त्या उतरल्या आणि तेच फडकं घेऊन
काचेवरचे आपल्या पायांचे ठसे पुसून टाकले.

मी पुस्तिका पाठ केली आहे.
एका तळव्यातून जराशी वीज वर चढते,
दुसऱ्यातून खाली येते. पाणी तिला वाट देतं,
चरबी अडवते. त्या अडवण्याचा हिशेब करायचा.
पण पायाने गेलेली पायानेच परत येणार,
कमरेच्या वरचं सगळं अंदाजपंचे.
आम्ही असल्या मापाला मापात पाप म्हणायचो.
पाच किलोची कणकेची पिशवी ठेवून बघितली,
चाळीस ग्रॅम जास्त. माझ्या काळात पंचनामा झाला असता.

काल रात्री पाणी प्यायला उठलो.
फ्रिजचं दार उघडं, उजेड नेमका त्या काचेवर.
माझ्याही आत आहे एक वस्तू,
तिला नंबर आहे, नंबराचं कार्ड पाकिटात आहे,
दर वर्षी हॉस्पिटलात जाऊन तपासून आणतो,
फेरपडताळणी, मुदतीच्या आत.
घरात मोहर असलेला मी एकटाच.

थंडी नव्हती, तरी कपाटातून लोकरी मोजे काढले,
बसून नीट घातले, दोन्ही,
आणि देव्हाऱ्याला धरून चढलो.
अठ्ठावन्न किलो सहाशे.
मग खालच्या ओळीत काटा थोडा वेळ शोधत राहिला,
आणि उमटल्या चार आडव्या रेघा.

आतून शालनचा आवाज आला: किती?
अठ्ठावन्न सहाशे.
आणि ते दुसरं?
मोजे आहेत पायात, म्हटलं.
बरं केलंत, म्हणाली.
कूस बदलल्याचा आवाज आला.
फ्रिज लावा आता. आणि ती कणीक डब्यात भरा,
कालपासून देवापुढे पडली आहे.